शनिवारी बंद राहणारा घाणा

मुलाला पोहायला शिकवणं हे बापाचं धार्मिक कर्तव्य आहे, असं काही ज्यू धर्माचार्यांचं मत तालमूद या ग्रंथात नोंदलेलं आहे. धर्मशिक्षण, लग्न, पोटापाण्याचा व्यवसाय आणि त्यांच्याच पंक्तीला पोहणं! मी अलिबागची, समुद्राकाठी वाढलेली. मला हे वाचताक्षणी पटलं. लेकराचा जीव वाचवणारी विद्या धर्माबाहेरची कशी असेल?

आता दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलं वाढवताना सकाळ डबे आणि स्कूलबसमध्ये जाते, संध्याकाळ गृहपाठात. देवापुढे शांतपणे बसायला वेळ मिळतो कुठे? ज्यू विचार या धावपळीलाच हात घालतो. जाग आल्यावर, भाकरी मोडताना, फळ खाताना, इतकंच काय, शौचाहून आल्यावर शरीर नीट चालतंय म्हणूनही परमेश्वराचे आभार मानायचे. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, पवित्र होण्याची आज्ञा येते आणि तिच्या पाठोपाठ येतं ते आईवडिलांचा मान राखणं आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळणं. घर सोडून जाण्याची अट कुठेच नाही.

धर्म घरानंच टिकतो, याचा पुरावा आमच्या कोकणात आहे. बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू लोकांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ ना रब्बी होते, ना धर्मग्रंथ, ना सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर. त्यांचं पहिलं सिनेगॉग मुंबईत उभं राहिलं ते थेट १७९६ साली, सामाजी हसाजी दिवेकर यांच्या पुढाकारानं. तोवर धर्म सांभाळला तो स्वयंपाकघरानं आणि पाळण्यानं. मुलग्यांची सुंता होत राहिली, खाण्यापिण्याचे नियम पाळले गेले, ‘शेमा’ ही प्रार्थना ओठांवर राहिली. तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. बापाचा घाणा आज थांबलाय, हे पोराला दिसायचं. मला तर तोच त्याचा पहिला धर्मपाठ वाटतो. तोरामध्ये शेमाच्या पुढच्याच ओळी सांगतात, की हे शब्द मुलांना शिकवा, घरी बसताना आणि वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना.

इथे दिल्लीतही हुमायून रोडवर १९५६ साली बांधलेलं जुडाह हयाम सिनेगॉग आहे. मूळचे पुण्याचे बेने इस्राएल एझिकेल आयझॅक मळेकर यांनी त्याचं काम अनेक दशकं पाहिलं. घराघरांत शब्बाथ सुरू होतो तो शुक्रवारी सांजावताना. दिवे लागतात, द्राक्षरसावर प्रार्थना होते (बेने इस्राएल घरांत बहुधा काळ्या मनुकांचं सरबत असतं) आणि आईबाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. आठवडाभर कितीही रागावले असले तरी! मला या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. शुभकार्याच्या वेळी किंवा नवस फिटला की एलियाहू हन्नबींचं, म्हणजे प्रेषित एलियाहूंचं, स्मरण करून मलिदा होतो. गोड पोहे, खोबरं, फळं. पुढे इस्राएलला गेलेल्या कुटुंबांनीही तो सोडलेला नाही.

तालमूदातली आणखी एक गोष्ट मी घरात पाळते. मुलाला काही देईन म्हणायचं आणि द्यायचं नाही, हे तिथे निषिद्ध आहे, कारण त्यातून मूल खोटं बोलायला शिकतं. म्हणून ‘रविवारी सरोजिनी नगरच्या बाजारात नेईन’ असं मुलीला म्हणण्याआधी मी रविवारची कामं आठवून पाहते. म्हटलं, की मग जातेच.