मालिश
मालिश म्हणजे शरीर हातांनी चोळण्याची व दाबण्याची क्रिया. गरजेनुसार तिचा प्रकार निवडतात. आयुर्वेदात अंगाला तेल लावून चोळण्यास अभ्यंग, तर कोरड्या चूर्णाने चोळण्यास उद्वर्तन म्हणतात. थकवा व रुक्ष त्वचेसाठी अभ्यंग, तर मेद व कफ वाढल्यास उद्वर्तन सांगितले आहे. सोलापूर, कोल्हापूर भागातील तालमींत पहिलवान मेहनतीनंतर जोरकस मालिश करून घेतात. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात अजीर्ण झालेल्यास व कफग्रस्तास अभ्यंग वर्ज्य मानले आहे. एकाच पायाला सूज, वेदना व उष्णता असल्यास शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात अडकण्याचा धोका असतो. म्हणून मालिश टाळून तातडीने डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.