गाडीची जागाही घरातच धरा

सांगली-साताऱ्यात घरांचं मूल्यांकन करताना मी गाडीची जागा आवर्जून पाहतो. भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड म्हणजे लोखंडी पाइप, पत्रे आणि खाली कोबा. ती स्वस्तात पुन्हा उभी राहते. स्लॅबच्या पोर्चला कॉलम, सळई, सेंट्रिंग लागतं. भिंती आणि शटर असलेलं गॅरेज तर जवळजवळ खोलीच. अपार्टमेंटखालच्या पार्किंगचे खांब अख्खी इमारत पेलतात.

२०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात गॅरेजही घराचाच भाग आहे. पण मुख्य घराची रक्कम चटई क्षेत्रावरून ठरते. गॅरेजसारख्या जोडबांधकामाची किंमत वेगळी सांगावी लागते. आणि गाडीची जागा तर तळाशीच असते; ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेनं सांगलीतले तळमजले बुडवले. म्हणून कळकळीनं सांगतो, विमा घेतानाच या जागेचं मोजमाप आणि फोटो जपून ठेवा.