मोटारसायकलच्या क्लचमधील तेलरोधक : एका सुधारित सुट्या भागाची रचना व कसोटी

मोटारसायकलच्या क्लचकडून परस्परविरुद्ध अशा दोन कामांची अपेक्षा असते. मूठ सैल असताना एंजिनाची सारी शक्ती त्याने न घसरता गिअरपेटीकडे पोचविली पाहिजे. आणि मूठ दाबताच एंजिन व गिअरपेटी यांचा संबंध त्याने पूर्णपणे तोडला पाहिजे. पहिल्या कामात उणीव आली की क्लच घसरतो : एंजिनाचा वेग वाढतो, गाडीचा वाढत नाही. पुढील वाहन ओलांडताना असे घडले तर ते जिवावर बेतू शकते. दुसऱ्या कामात उणीव आली की क्लच ओढतो : चौकात गाडी उभी असता न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर टाकताच गाडी हिसका देते. एकाच क्लचमध्ये हे दोन्ही दोष एकदम आढळले तर कारागीर बुचकळ्यात पडतो. घसरण थांबविण्यासाठी स्प्रिंग ताठ करावी, तर मूठ जड होते आणि ओढ तशीच राहते. ओढ कमी करण्यासाठी केबल ताणावी, तर घसरण वाढण्याचा संभव. अशा वेळी दोन्ही दोषांच्या मुळाशी एकच कारण आहे काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. या दृष्टीने नॉर्टन कमांडो या इंग्रजी मोटारसायकलीचे उदाहरण बोधप्रद आहे.

क्लचची रचना

कमांडो ही गाडी १९६७ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली आणि १९७७ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते. आरंभीचे एंजिन ७४५ घन सेंटिमीटरचे होते. १९७३ पासून ८२८ घन सेंटिमीटरचे एंजिनही बसविण्यात येऊ लागले. एंजिनावरील २६ दात्यांच्या चक्रापासून क्लचवरील ५७ दात्यांच्या चक्रापर्यंत तीनपदरी साखळी शक्ती वाहून नेते. त्यामुळे क्लचचा वेग एंजिनाच्या वेगाच्या निम्म्याहून कमी, तर त्यावर येणारी पीळ देणारी प्रेरणा, म्हणजेच परिबल, एंजिनाच्या सुमारे २.२ पट होते.

क्लचमध्ये दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक बसविलेल्या असतात. एका प्रकारच्या चकत्या बाहेरील डब्याबरोबर, तर दुसऱ्या प्रकारच्या आतील मध्यभागाबरोबर फिरतात. या थरावर अनेक वेटोळ्या स्प्रिंगांऐवजी एकाच पातळ, किंचित शंकूच्या आकाराच्या पोलादी तबकडीचा दाब असतो. अशा तबकडी-स्प्रिंगेचा उगम १८६७ मध्ये बेलव्हिल या फ्रेंच गृहस्थाने घेतलेल्या पेटंटात सापडतो. तिच्या दाबाचे गणित आल्मेन व लासलो यांनी १९३६ मध्ये मांडले. वेटोळी स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा विरोध वाढत जातो. तबकडीच्या शंकूची उंची तिच्या जाडीच्या मानाने पुरेशी असेल, तर मात्र विरोध एका मर्यादेपर्यंत वाढून पुढे उतरू लागतो. मूठ हलकी ठेवण्यास हा गुण उपयोगी पडतो. परंतु त्यामुळेच चकत्यांच्या थराची एकूण जाडी नेमकी असावी लागते. जाडी बदलली की तबकडी आपल्या दाबवक्रावरील दुसऱ्याच ठिकाणी काम करू लागते.

क्लच गाडीच्या डाव्या बाजूस व तो सोडविणारी यंत्रणा गिअरपेटीच्या उजव्या टोकास आहे. या दोहोंना जोडणारी लांब पोलादी ढकलदांडी गिअरपेटीच्या पोकळ मुख्य शाफ्टमधून आरपार जाते. मूठ दाबली की दांडी डावीकडे सरकते व तबकडीचा मध्य उचलते.

दोषाचे मूळ

गिअरपेटीत दाट गिअर-तेल असते, तर साखळीपेटीत एंजिनात वापरतात त्या जातीचे पातळ तेल सुमारे २०० घन सेंटिमीटर घालतात. गिअरपेटीतील चक्रांनी उडविलेले तेल शाफ्टच्या उजव्या तोंडातून आत शिरते, दांडीच्या कडेने डावीकडे झिरपते आणि क्लचच्या मध्यावर बाहेर पडते. फिरणारा क्लच केंद्रोत्सारी प्रेरणेने ते चकत्यांच्या दिशेने भिरकावतो. पातळ तेल दाबाखाली बऱ्याच अंशी निघून जाते. दाट गिअर-तेल चकत्यांमध्ये चिकटून राहते.

याचा परिणाम हिशेबाने पाहता येतो. क्लचचे परिबल हे घर्षणपृष्ठांची संख्या, घर्षणगुणांक, दाब व सरासरी त्रिज्या यांच्या गुणाकाराइतके असते. उदाहरणादाखल एंजिनाचे परिबल ७५ न्यूटन-मीटर समजल्यास क्लचवर सुमारे १६५ न्यूटन-मीटर येतील. घर्षणपृष्ठे १०, सरासरी त्रिज्या ६ सेंटिमीटर व घर्षणगुणांक ०.२५ धरला, तर ११०० न्यूटन दाब पुरेसा होतो. तेलामुळे घर्षणगुणांक ०.०८ वर आला, तर तेवढ्याच कामासाठी सुमारे ३४४० न्यूटन, म्हणजे तिपटीहून अधिक दाब लागेल. केवळ स्प्रिंग ताठ करून इतकी उणीव भरून काढणे म्हणजे चालकाच्या मनगटावर तो भार लादणे होय.

ओढीचे कारणही हेच तेल आहे. उचल २ मिलिमीटर धरली आणि ती १० फटींत सारखी वाटली गेली, तर प्रत्येक फट ०.२ मिलिमीटरची होते. एवढ्याशा फटीत दाट तेल भरलेले असता त्याच्या चिकटपणामुळे एक चकती दुसरीला फिरवीतच राहते. तेल जितके थंड तितकी ओढ अधिक. म्हणून सकाळच्या पहिल्या गिअरला हा दोष विशेष जाणवतो. चकत्या काढून पेट्रोलने धुतल्या की दोन्ही दोष नाहीसे होतात. परंतु तेलाचा मार्ग मोकळाच असल्याने काही काळाने ते पुन्हा उद्भवतात.

सुधारित भागाची रचना

तेव्हा दुरुस्ती चकत्यांची नव्हे, तर तेलाच्या मार्गाची व्हावयास हवी. यासाठी जुन्या गाड्यांचे सुटे भाग पुरविणाऱ्यांनी प्रचारात आणलेला उपाय साधा आहे : शाफ्टच्या डाव्या तोंडाशी, क्लच आवळणाऱ्या नटाच्या ठिकाणी, एक लहान धातूची कडी बसवून तिच्यात ढकलदांडीभोवती घट्ट बसणारे तेलरोधक, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ऑइल सील, ठेवावयाचे.

भाग लहान असला तरी त्याच्या रचनेत बऱ्याच गोष्टी सांभाळाव्या लागतात. दांडीची चाल दुहेरी आहे. ती पुढेमागे सरकते आणि क्लच सोडविलेला असता शाफ्टच्या मानाने फिरूही शकते. साधी गोल रबरी कडी सरकत्या चालीला चांगली टिकते, पण सततच्या फिरण्याने झिजते. ओठाचे तेलरोधक फिरण्यास अधिक योग्य, पण त्याला जागा जास्त लागते. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, म्हणून ते वर्ज्य होय; नायट्राइल रबर तेलाला दाद देत नाही व सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. दांडीचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा. त्यावर एखादा उभा ओरखडा असला तरी तेलाला वाट मिळते. कडीची उंची इतकीच असावी की, मूठ पूर्ण दाबली असता वा सोडली असता तबकडीच्या मध्यावरील स्क्रू तिला टेकू नये. तेलरोधकाची पकड दांडीच्या परतीस अडथळा करील इतकी घट्ट असून चालणार नाही. पूर्वी शाफ्टच्या पोकळीतून तेलाबरोबर हवाही ये-जा करू शकत असे. ती वाट बंद झाल्यावर तापलेल्या गिअरपेटीतील हवेला दुसरी वाट आहे की नाही, याचीही खात्री करून घ्यावी लागते. अखेर, जुन्या शाफ्टवर कोणतेही कातकाम न करता हा भाग बसला पाहिजे आणि काढल्यावर गाडी पूर्ववत झाली पाहिजे.

कसोटी

अशा भागाच्या परीक्षेत एक फसवी जागा आहे. तेलरोधक बसविण्यासाठी क्लच उघडावा लागतो, आणि उघडला की चकत्या धुतल्या जातातच. मग गाडी सुधारली तर श्रेय नव्या भागाचे की पेट्रोलचे? पहिल्या दिवशीच्या सुधारणेवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तुलना दोन अवस्थांची करावी लागते : चकत्या धुतल्या पण तेलरोधक नाही, ही एक, आणि चकत्या धुतल्या व तेलरोधकही बसविला, ही दुसरी. दोन्ही अवस्थांत तीच चकत्यांची जोडणी, तेच तेल, तेलाची तीच पातळी आणि तेवढेच अंतर असावे. याच काळात स्प्रिंग अथवा चकत्या बदलल्या तर परीक्षा व्यर्थ जाते.

मोजमापे तीन घ्यावीत. पहिले, डबा घट्ट धरून परिबल दर्शविणाऱ्या पान्याने मध्यभाग फिरवावा व क्लच कोणत्या परिबलास घसरतो ते नोंदावे. दुसरे, मूठ दाबण्यास लागणारे बल तराजूकाट्याने मोजावे. ते बदलले असेल, तर तेलरोधक दांडीला अडवीत आहे किंवा जोडणीत चूक झाली आहे, असे समजावे. तिसरे आणि निर्णायक मोजमाप तेलाचेच. गिअर-तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळावा व ठराविक अंतर चालविल्यावर क्लच उघडून त्या प्रकाशात पाहावा. चकत्यांवर तेल आहे एवढे पाहून भागत नाही, कारण साखळीपेटीतील तेलही तेथे पोचते. चमक दिसली तरच ते गिअरपेटीचे म्हणता येते. तेलरोधक असता चमक नाही, तो काढताच चमक व घसरण दोन्ही परत आली, तर कार्यकारणसंबंध प्रस्थापित झाला. चमक नसताही क्लच घसरत असेल, तर दोष अन्यत्र, बहुधा झिजलेल्या चकत्यांत किंवा थराच्या चुकलेल्या जाडीत, शोधावा.

पोकळ शाफ्टमधून जाणारी ढकलदांडी हे जुन्या इंग्रजी पद्धतीच्या अनेक गाड्यांचे लक्षण आहे. मद्रास येथे १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या जुन्या ढाच्याच्या बुलेटचाही त्यांत समावेश होतो. प्रत्येक गाडीची मापे व क्लचची जात भिन्न असल्याने कमांडोचा भाग तेथे जसाच्या तसा चालणार नाही. परीक्षेची रीत मात्र तीच राहते. निकामी झालेला भाग अधिक बळकट करण्यापूर्वी तो निकामी का झाला हे पाहावे, आणि नवा भाग यशस्वी ठरविण्यापूर्वी तो काढून टाकल्यास दोष परत येतो की नाही, हेही पाहावे.