गल्लीपासून स्वराज्य

नगरपालिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला की सुशिक्षित घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : “आपण त्यात पडू नये.” आपला मुलूख सोडून दुसऱ्या प्रांतात स्थायिक झालेल्या कुटुंबांत या वाक्याला आणखी एक पुस्ती जोडली जाते : “आणि आपण तर येथे परके. आपल्याला मते देणार कोण?” पहिली शंका सार्वजनिक कामाच्या शुद्धतेविषयी आहे, दुसरी संख्याबळाविषयी. या दोन्ही शंकांचा विचार दिल्लीतील पहाडगंज डोळ्यांपुढे ठेवून करण्यासारखा आहे.

रायसीनाच्या टेकडीजवळचा बाजार म्हणून या वस्तीला पहाडगंज हे नाव पडले. मोगलांच्या अमदानीत शहराच्या कोटाबाहेरची ही धान्याची पेठ होती. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी येथे नव्याने संसार मांडले. आज नवी दिल्ली रेल्वेस्थानकातून पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडले की थोड्याच अंतरावर मेन बाझारचा अरुंद रस्ता सुरू होतो. खाली दुकाने, वर हॉटेले, मागच्या गल्ल्यांत दाट वस्ती आणि या साऱ्यांतून वाट काढणाऱ्या रिक्षा, हातगाड्या व पाठीवर सामान घेतलेले देशोदेशीचे प्रवासी, असे येथले रोजचे चित्र आहे. मराठी माणसालाही हे नाव अनोळखी नाही. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी विद्यालय या दोन्ही संस्था पहाडगंजातच आहेत. तरीही येथील मतदारयादीत मराठी नावे थोडीच असणार, हे उघड आहे.

आता ज्या सभागृहात प्रवेश करावयाचा, त्याची ओळख करून घेऊ. दिल्लीत नगरपालिका स्थापन झाली ती १८६३ साली. संसदेने केलेल्या कायद्यानुसार ७ एप्रिल १९५८ रोजी दिल्ली महानगरपालिका अस्तित्वात आली आणि स्वातंत्र्यलढ्यातील तेजस्वी कार्यकर्त्या अरुणा आसफ अली तिच्या पहिल्या महापौर झाल्या. २०१२ मध्ये या संस्थेचे तीन भाग करण्यात आले आणि मे २०२२ मध्ये ते पुन्हा एकत्र जोडण्यात आले. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये २५० प्रभागांसाठी निवडणूक झाली. अर्ध्या जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. २०११ च्या जनगणनेनुसार एका प्रभागात सरासरी सुमारे ६५ हजार लोक येतात. महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी ही वस्ती होय. महानगरपालिकेचे मुख्यालय पहाडगंजापासून दूर नाही. रूळांच्या पलीकडे, रामलीला मैदानासमोरच्या उंच इमारतीत ते आहे.

उमेदवारीच्या अटी फारशा कठीण नाहीत. वय एकवीस वर्षे पूर्ण असावे आणि दिल्लीच्या मतदारयादीत नाव असावे, या त्यांतील मुख्य अटी. राखीव जागांचे नियम सोडले, तर उमेदवाराची भाषा कोणती, तो जन्मला कोठे, हे कायदा विचारीत नाही. ते विचारतो तो आपल्याच मनातील संकोच.

या संकोचात तथ्य किती? केवळ मराठी मतांवर पहाडगंजात कोणी निवडून येणे शक्य नाही, हे खरे. परंतु त्यातच एक हिताची गोष्ट दडलेली आहे. ज्याच्यामागे जातभाईंची वा भाषाबंधूंची आयती गठ्ठा मते असतात, त्याला इतरांची दारे ठोठावण्याची गरज वाटत नाही. ज्याच्यामागे ती नाहीत, त्याला पहिल्या दिवसापासून पंजाबी दुकानदार, बिहारमधून आलेला हातगाडीवाला, हॉटेलात काम करणारा पहाडी तरुण आणि पिढ्यान्‌पिढ्या दिल्लीत राहणारे मुसलमान कारागीर या सर्वांना आपले मानावे लागते. प्रभाग म्हणजे आपल्या माणसांचा मेळावा नव्हे. एका नळाचे पाणी पिणाऱ्या आणि एका रस्त्याने चालणाऱ्या माणसांचा तो समाज आहे. अल्पसंख्य घरातून आलेल्या उमेदवाराला हा धडा सक्तीने शिकावा लागतो. बहुसंख्यांनाही तो शिकावाच लागतो, पण त्यांना तो उशिरा कळतो, एवढेच.

मराठीत आपण ‘नगरसेवक’ म्हणतो, दिल्लीत ‘पार्षद’ म्हणतात. पार्षद म्हणजे परिषदेत बसणारा. या पदाची दोन्ही अंगे या दोन शब्दांत आली आहेत. सभागृहात बसून अंदाजपत्रक वाचावयाचे, प्रश्न विचारावयाचे, ठरावावर मत द्यावयाचे. आणि घरी परतल्यावर गल्लीतील तुंबलेल्या गटाराची तक्रार ऐकून घ्यावयाची. यांपैकी एकच काम करणारा सभासद अर्धाच म्हटला पाहिजे.

दिल्लीत या कामाची एक वेगळी कसोटी लागते. येथे अधिकार अनेक कार्यालयांत वाटले गेले आहेत. झाडलोट, प्राथमिक शाळा, जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टी, वस्तीतील उद्याने, डास निर्मूलन ही कामे महानगरपालिकेची. पाणी व सांडपाणी १९९८ पासून दिल्ली जल बोर्डाकडे. जमिनीचा विकास मुख्यतः १९५७ साली स्थापन झालेल्या दिल्ली विकास प्राधिकरणाकडे. पोलीस केंद्र सरकारच्या अखत्यारीत. महानगरपालिकेतही प्रत्यक्ष कारभाराचे अधिकार मुख्यतः आयुक्तांच्या हाती असतात. महापौराची निवड तर एकाच वर्षासाठी होते. नागरिकाला ही वाटणी ठाऊक नसते, आणि ती ठाऊक असावी अशी अपेक्षाही रास्त नाही. नळाला पाणी आले नाही की तो पार्षदाच्याच दारी येतो.

अशा वेळी तीन मार्ग असतात. एक, ‘करून देतो’ असे सांगून वेळ मारून नेणे. दुसरा, ‘ते माझ्याकडे नाही’ म्हणून दार लावून घेणे. तिसरा मार्ग असा : हे काम कोणत्या कार्यालयाचे ते स्पष्ट सांगावे, अर्ज लिहून द्यावा, त्याची तारीख वहीत टिपावी आणि पंधरा दिवसांनी त्याचे काय झाले ते स्वतः विचारावे. पहिल्या मार्गाने निवडणूक जिंकता येते, पण लोकांचा विश्वास टिकतो तो तिसऱ्याने. आपल्या अधिकाराची मर्यादा मोकळेपणाने सांगणे हा दुबळेपणा नव्हे. लोकशाहीतील पुढारीपणाचा तो पहिला गुण आहे.

दुसरी कसोटी न्यायबुद्धीची. पहाडगंजच्या अरुंद रस्त्यावर पादचाऱ्याला वाट हवी, दुकानदाराला माल उतरवावयास जागा हवी, आणि फेरीवाल्याला चार हात जमीन मिळाली तरच त्याची चूल पेटते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने यासाठी नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली असून तिच्या सभासदांत किमान ४० टक्के पथविक्रेत्यांचेच प्रतिनिधी असावे लागतात. म्हणजे ज्याला उठवावयाचे की बसवावयाचे, त्यालाही बोलण्याचा हक्क आहे. प्रतिनिधीने यांपैकी कोणाची बाजू घ्यावी? मते मोजून बाजू घेणारा दर आठवड्याला बाजू बदलील. सर्वांना एकत्र बसवून, नियम वाचून दाखवून, ज्याची गैरसोय होणार त्याला आधी सांगून जो निर्णय घेईल, त्याच्यावर लोक रागावतील. पण त्याला खोटा म्हणणार नाहीत.

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा आठवण्यासारखी आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे जोतीरावांचे म्हणणे. ठरावाविरुद्ध मत पडले ते त्यांचे एकट्याचे. पुढे नव्या मंडईवरील मोठ्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. मंडई झालीच, आणि १८८६ साली रे मार्केट या नावाने ती खुली झाली. आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. सभागृहात ते हरले, पण करदात्याचा पैसा कोणासाठी खर्चावा हा त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मागे राहिला. संख्येने एकटा असलेला सभासदही निरुपयोगी नसतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

आणि हे काम लहान आहे असेही कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी गोपाळ कृष्ण गोखले एकीकडे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात देशाच्या अंदाजपत्रकावर बोलत, तर दुसरीकडे पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळीत. राजाजी सेलमच्या, सरदार पटेल अहमदाबादच्या आणि जवाहरलाल नेहरू अलाहाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. देशाचा संसार पाहण्यापूर्वी या मंडळींनी गावची गटारे पाहिली होती.

तथापि वाट सोपी आहे, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२२ च्या निवडणुकीत २५० पैकी केवळ तीन अपक्ष निवडून आले. पक्षाचे तिकीट मिळवावयाचे तर पक्षात राबावे लागते, आणि तिकिटाची खात्री तरीही नसते. प्रभाग कोणासाठी राखीव होईल, हेही आपल्या हाती नसते. म्हणून निवडणुकीच्या तीन आठवडे आधी उगवणाऱ्याने या फंदात पडू नये. पालिकेच्या शाळेत मुलांची हजेरी का घटली, कचऱ्याची गाडी कोणत्या गल्लीत पोहोचत नाही, कोणा वृद्धेचे निवृत्तिवेतन का अडले, याची चौकशी आज, कोणतेही पद नसताना सुरू करावी. दोन-तीन वर्षांत वस्ती आपोआप ओळखू लागते. मग उमेदवारी मिळाली तर उत्तम. न मिळाली तरी केलेले काम वाया जात नाही.

यात कुटुंबाचाही वाटा असतो. घरातील सून वा लेक उभी राहते, तेव्हा तिच्या नावाने कारभार मात्र पतीने वा सासऱ्याने करावयाचा, हा प्रकार आपल्याकडे फार पाहावयास मिळतो. अर्ध्या जागा स्त्रियांना देण्यामागील हेतूच त्यामुळे विफल होतो. घरच्यांनी करावयाचे ते एवढेच : ती सभेला गेली असता मुलांचे जेवण पाहावे, तिच्या वह्या नीट ठेवण्यास मदत करावी, आणि तिच्या खुर्चीवर आपण बसू नये.

राहता राहिला तो स्वतः उभे न राहणाऱ्यांचा प्रश्न. त्या निवडणुकीत दिल्लीच्या सुमारे निम्म्याच मतदारांनी मत दिले. उरलेल्या निम्म्यांत ‘आपण त्यात पडू नये’ म्हणणारी सुशिक्षित कुटुंबे नव्हती, असे कोण म्हणेल? आपण न पडल्याने सार्वजनिक काम शुद्ध राहत नाही. ते फक्त दुसऱ्यांच्या हाती जाते. घराचा उंबरठा ओलांडला की गल्ली लागते, आणि तिची काळजी ज्याने घेतली त्याला तेथे परका कोण म्हणणार? निवडणुकीपूर्वी प्रभागाच्या मतदारयादीत घरातील प्रत्येकाचे नाव आहे की नाही, एवढे जरी या आठवड्यात पाहिले, तरी आरंभ झाला असे समजावे.