मुळावरच्या गाठी

आमच्या रानात भुईमूग खुरपताना एक रोप उपटून आलं. मुळांना मोहरीएवढ्या पुष्कळ गाठी! बाबा म्हणाले, "कीड लागली वाटतं. औषध आणावं लागेल." मी ते रोप शाळेत आणले. गुरुजींनी एक गाठ नखाने फोडली. आत लालसर गुलाबी रंग. गुरुजी म्हणाले, "अरे, कीड कसली? हा तर खताचा कारखाना!"

हवेच्या १०० भागांत ७८ भाग नत्र असते. पण झाडाला ते तसेच घेता येत नाही. या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते नत्राचे खत करून झाडाला देतात, झाड त्यांना साखर पुरवते. हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली हे दाखवून दिले.

तूर, मूग, उडीद, हरभरा, चवळी याच शिंबावंत कुळातली. फूल फुलपाखरासारखे, दाण्याच्या दोन डाळी. शेवग्यालाही शेंगा येतात, पण तो यांचा भाऊबंद नाही हं!

मग रोगाची गाठ ओळखायची कशी? सूत्रकृमी लागली तर मूळच सुजते, ती गाठ सुटी होत नाही. जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने सहज निघते.

तूर उपटू नये, विळ्याने कापावी. मुळे रानात कुजली की त्यातले थोडे नत्र पुढच्या पिकाला मिळते.

बाबांनी औषध आणलं नाही. ते रोप गुरुजींच्या टेबलावर ठेवले आहे. पालकांनीही एक गाठ फोडून पाहावी.