रॅकची काच बदलताना जाडीवर भिस्त नको

म्युझिक सिस्टिमच्या रॅकची एखादी काच तडकली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांत उपाय ठरलेला असतो. माप घेऊन काचवाल्याकडे जायचं, ‘जरा जाड द्या’ म्हणायचं आणि संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा जागेवर. फर्निचर बाजारासाठी उल्हासनगरचं नाव आहे, त्यामुळे कारागीर शोधत फिरावं लागत नाही. गडबड होते ती त्या ‘जरा जाड’मध्ये. जुनी काच आठ एमएमची टफन असेल आणि तिच्या जागी बारा एमएमची साधी काच आली, तर रॅक दिसायला दणकट होतो, पण आधीपेक्षा कच्चा आणि जास्त धोक्याचा होतो.

याचं गणित अवघड नाही. साधी काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या जोरदार झोतांनी झटकन थंड केली की टफन काच तयार होते. बाहेरचे थर आधी गोठतात. आतला भाग नंतर आकसतो आणि पृष्ठभागाला कायमचं दाबून धरतो. काच तुटते ती पृष्ठभागावरच्या किंवा कडेच्या बारीक चिरा ताणल्या गेल्यामुळे, आणि इथे ताण पडण्याआधी हा दाब संपावा लागतो. म्हणून त्याच जाडीची टफन काच साध्या काचेच्या साधारण चौपट भार झेलते. याउलट नुसती जाडी आठवरून बारा एमएमवर नेली, तर वजन पेलण्याची ताकद जाडीच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोन पटच वाढते. शिवाय अठरा इंच बाय सोळा इंचांची आठ एमएमची काच पावणेचार किलोंच्या आसपास भरते, तर बारा एमएमची साडेपाच किलोंच्या वर जाते, आणि हे जादा वजन पेलायचं रॅकच्या त्याच जुन्या पायांनी. जाडीला काही अर्थच नाही, असं मात्र नाही. टफन केल्याने काच कमी वाकते असं होत नाही, तिथे जाडीच कामी येते. त्यामुळे रॅक रुंद असेल, तर सहा एमएमची टफन काच तुटली नाही तरी झोल देईल.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे पाऊस. साध्या काचेच्या कडेला कापताना राहिलेल्या सूक्ष्म चिरा सततच्या वजनाखाली हळूहळू वाढत जातात आणि हवेतला ओलावा त्या वाढीला हातभार लावतो. काल वजन पेललेली काच सहा महिन्यांनी कुणी हात न लावता तडकते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. तुटल्यावर तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. टफन काचेचा खडीसारखा चुरा होतो. खालच्या कप्प्याशी खेळणारं लहान मूल घरात असेल, तर एवढा एक फरक पुरेसा आहे.

टफन काचही कधी कधी आपोआप फुटते, असा आक्षेप घेतात आणि तो खरा आहे. काचेत अडकलेला निकेल सल्फाइडचा कण वर्षानुवर्षं सावकाश फुगतो आणि एक दिवस सगळी काच कोसळते. असं क्वचित होतं. सदोष काच आधीच कारखान्यात फुटावी, म्हणून तापवून परीक्षा घेण्याची सोयही असते. दुसरा आक्षेप वेळेचा. टफनिंगची भट्टी प्रत्येक दुकानात नसते, त्यामुळे एका काचेसाठी थांबावं लागतं. शिवाय टफन झालेली काच पुन्हा कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून माप, गोल कोपरे, वायरचं भोक आणि कडेचं पॉलिश हे सगळं आधीच ठरवून द्यायला हवं. माप तुटलेल्या तुकड्यांवरून घेऊ नका, शाबूत राहिलेल्या कप्प्यावरून घ्या.

मिळालेली काच खरंच टफन आहे का, हे घरीच बघता येतं. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर ती धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून तिरकस बघा. टफन काचेत करडे पट्टे किंवा ठिपके दिसतात, साधी काच कोरी राहते. कोपऱ्यातल्या शिक्क्यावर विसंबण्यापेक्षा हे बरं. ‘मेड इन यूएसए’चा (म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा) विनोद ज्या गावाच्या नावावर खपतो, तिथल्या गिऱ्हाइकाला हे वेगळं सांगायला नको.

मग काच सोडून लाकूडच का लावू नये? टर्नटेबल असेल, तर माझंही मत तेच आहे. काच कंपनं जिरवत नाही, त्यामुळे त्या एका कप्प्याला अठरा एमएमचा चांगला प्लाय लावलेला बरा. एमडीएफ मात्र ओलाव्याने फुगतो. उल्हास नदीकाठच्या तळमजल्यांवर २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे आठवत असेल त्यांनी तो घेऊच नये.

निगा थोडीच लागते. धूळ आधी कोरड्या मऊ कापडाने उचला, मग ओलसर कापडाने पुसा. क्लीनर काचेवर फवारू नका, कापडावर घ्या, नाहीतर तुषार अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीतून आत जातात. दिवाळीच्या साफसफाईत काच उतरवली की लादीवर कोपऱ्यावर टेकवू नका, कारण टफन काचेचा कमकुवत भाग कोपराच असतो. खालच्या रबराच्या टोप्या कडक झाल्या असतील तर बदला. काच थेट लोखंडावर बसता कामा नये. आणि कडेला टवका दिसला की तो घासून गुळगुळीत करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. उपकरण त्याच दिवशी खाली उतरवा आणि नवी काच सांगा.