‘नो थँक्स’ म्हणायची हिंमत

शुक्रवारची संध्याकाळ. प्रोजेक्ट वेळेत गेलाय, टीम लीड खुशीत आहे आणि हिंजवडीतली सगळी गँग पबमध्ये जमलीय. ऑर्डरी सुटतात. कोपऱ्यातला एक जण मात्र फ्रेश लाइम सोडा मागवतो. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘‘अरे, तू ख्रिश्चन ना? तुमच्यात तर चालतं!’’ तो नुसता हसतो. हे वाक्य त्याला पाठ झालेलं असतं.

असा एखादा कलीग तुमच्याही ऑफिसात असेल. त्यात आपली फारशी चूक नाही म्हणा! हिंदी सिनेमानं वर्षानुवर्षं दाखवलेला ख्रिश्चन म्हणजे हातात गिटार, टेबलावर बाटली आणि तोंडात मोडकंतोडकं हिंदी. पण हा सोडावाला गडी नगरचा. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी बोलताना अजून बरेच जण नगरच म्हणतात. घरी अस्सल नगरी मराठी, डब्यात भाकरी, रविवारी चर्चमध्ये मराठी उपासना आणि टाळांच्या साथीनं भजनं. दारूला शिवायचं नाही, हे आजी-आजोबांपासून चालत आलेलं.

या घरांचा इतिहास जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झालं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथूनच १८४२ मध्ये निघालं. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, तेही नगरला मिस फरार यांच्याकडे. आणि डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये उभं केलेलं अहमदनगर कॉलेज तर आजही जिल्ह्यातल्या सर्व धर्मांच्या मुलांना शिकवतंय.

खरी परीक्षा पबमध्ये नसते

ग्लास नाकारणं तसं सोपं. दोन दिवस चेष्टा होते, मग सगळे विसरतात. अवघड प्रसंग नंतर येतो. पुण्यात एकटं राहायचं, फ्लॅटचं भाडं आवाक्याबाहेर, आणि जिच्यावर मनापासून प्रेम आहे तीच म्हणते, ‘‘आपण एकत्रच राहूया ना. लग्नाचं बघू नंतर.’’ लग्नाआधी एकत्र राहायचं नाही, असं चर्च सांगतं. घरी कळणारही नाही. मग अडतंय कुठे?

कायद्याचंही अडत नाही. सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलं. २०१८ मध्ये व्यभिचाराचं ४९७ कलमही गेलं. म्हणजे पोलीस नाही, पंचायत नाही, शेजारची काकूही नाही. आता तुमचं तुम्हीच ठरवायचं. आई-बाबांच्या धाकानं पाळलेले नियम अशा वेळी महिनाभरही टिकत नाहीत.

टिळकांच्या घरातली गोष्ट

अशा वेळी नगरच्याच एका जोडप्याची आठवण येते. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले, समाजानं वाळीत टाकलं आणि पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन दूर राहिल्या. त्या काळी मत बदलण्याची एवढी किंमत होती. टिळकांनी ती मोजली, पण श्रद्धा सोडली नाही.

पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या. पण सोवळं सोडायला त्या तयार नव्हत्या आणि टिळकांनीही त्यांना ते पाळू दिलं. माणसामाणसांत देवानं जात केली नाही, हे लक्ष्मीबाईंना पटलं ते स्वतः विचार करून. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये इतकं मोकळेपणानं लिहिलंय की वाचताना कधी हसू येतं, कधी गलबलून येतं.

दुसरी गंमत अशी. श्रद्धा न सोडणाऱ्या याच टिळकांनी बाकी बऱ्याच गोष्टी बदलल्या. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे साहेब व्हायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी अभंग रचले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. तुकारामांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं, असं ते मानत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

मग आपण काय करायचं?

टिळकांकडून आजच्या नगरकर पोरापोरींना एक हिशेब शिकता येईल. आपल्या श्रद्धेतलं मूळ काय आणि नुसती सवय काय, हे कागदावर लिहून काढा. कपडे, गाणी, मित्रांबरोबरचा सिनेमा यात सवयीचा भाग मोठा. दिलेला शब्द, शरीराचा आणि मनाचा प्रामाणिकपणा, पैशातला खरेपणा हे मूळ. सवयीवरून घरच्यांशी वाद झाला तरी चालेल. मुळाला मात्र हात लावायचा नाही.

दुसरं, ‘नाही’ म्हणताना कारण सांगा. ‘‘घरी चालत नाही’’ ही पळवाट झाली. ‘‘मला लग्नाचा शब्द आधी द्यायचाय, घर नंतर’’ हे उत्तर झालं. ती कदाचित दुखावेल. कदाचित नातं तुटेलही. ही किंमत खोटी नाही. पण पुढचं आयुष्य तिच्याबरोबर काढायचं असेल, तर तुम्ही कशावर उभे आहात हे तिला आधी कळलेलं बरं.

आणि तिसरं, जे वेगळं जगतात त्यांच्याकडे नाक मुरडून बघू नका. दुसऱ्याचा न्याय करू नका, ही शिकवणही डोंगरावरच्या त्याच प्रवचनातली आहे, ज्यानं टिळकांना ओढून घेतलं. फ्लॅटमेट लिव्ह-इनमध्ये राहतो म्हणून त्याला ताप आल्यावर पेज करून द्यायचं टाळणार असाल, तर तुमचा सोडा काय कामाचा?

आणि बाकीच्यांनो, पुढच्या शुक्रवारी कुणी लाइम सोडा मागवला, तर ‘‘तुमच्यात तर चालतं’’ म्हणण्याआधी त्याला एकदा ‘‘का रे?’’ म्हणून विचारा. गप्पा नक्की रंगतील.